सेलेनियमचं नाव मी घेतलं नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. जिला माझ्या दुखण्याखुपण्यापासून सासरच्या भांडणांपर्यंत सगळं ठाऊक आहे, त्या मैत्रिणीपाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तरी आता मला फारसा फरक पडला नसता. एक आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही. 'जाऊ द्या हो, माणूस आहे, चुकतं' असं म्हणायची घाई करू नका. ते ऐकायला मी लिहायला बसलेले नाही. वाचून माझा राग आला, तर येऊ द्या.

मी रसायनशास्त्र शिकवायचे, वसईच्या एका ज्युनिअर कॉलेजात. राहायला नालासोपाऱ्याला, पश्चिमेच्या एका नव्या सोसायटीत. आम्ही मूळचे राजापूरकडचे. आमचे हे बँकेत, सकाळी जायचे ते रात्री उगवायचे. त्यामुळे सोसायटीत आमच्या घराची जी काही पत होती ती माझी होती — 'प्रोफेसर मॅडम'. टँकरचं पाणी पिवळं का दिसतं, टाकीत पावडर किती टाकायची, कुणाच्या पोराने झुरळांचं औषध हुंगलं तर काय करायचं — विचारायला सगळे माझ्याकडे. मला ते आवडायचं. किती आवडायचं? कुणी जिन्यात थांबवून 'मॅडम, एक विचारू?' म्हटलं की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी चालायचं, इतकं.

आणि हिराबाय. ती कळंबची. सकाळच्या बसने मासळीची पाटी घेऊन यायची, आमच्या जिन्याखाली उतरवायची आणि अशी हाक द्यायची की वरच्या मजल्यावरचं तान्हं मूलही उठावं. मासे साफ करून द्यायची, मग स्वतःच बादली मागून फरशी धुऊन काढायची. मला 'मास्तरीनबाय' म्हणायची. ह्यांना मांदेली आवडते म्हणून पाटीच्या तळाशी वेगळी ठेवायची आणि देताना टोमणा मारायची, "तुमचा साहेब माझ्या मांदेलीवर सुटलाय बगा." आमच्या वयांत फारसं अंतर नसावं. तिचा मुलगा बोटीवर जायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, सून सुरेखा, तिचं कौतुक हिराबाय रोज जिन्यात सांगायची. मी ऐकायचे. ऐकायचे म्हणजे — हो, तेव्हा मनापासून ऐकायचे.

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं. त्या सुमाराला वर्तमानपत्रांत पाऱ्याबद्दल बरंच छापून येऊ लागलं होतं. खाड्यांत कारखान्यांचं पाणी, माशांत पारा, वगैरे. संक्रांतीला सोसायटीत बायकांचं हळदीकुंकू असायचं, त्यात कुणाचं तरी छोटं भाषण. त्या वर्षी म्हणाल्या, मॅडम, तुम्ही पाऱ्यावर बोला.

मी बोलले. चांगली तयारी करून बोलले. पारा धुरातून आणि सांडपाण्यातून पाण्यात कसा उतरतो, समुद्रात त्याचं रूप कसं पालटतं, तो बारक्या माशात कसा शिरतो, बारक्याला मोठा खातो, मोठ्याला आपण. हात कसे थरथरायला लागतात, तोल कसा जातो. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तर धोका आणखी जास्त. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगत नाही. धडधडीत खोटं बोलले असते तर कधीतरी कुणीतरी पकडलं असतं. मला तर पकडायला जागाच नव्हती.

सांगितलं नाही ते सेलेनियम.

थांबा, हे मला नीट सांगू द्या. त्या दिवशी टाळलं, आज टाळणार नाही. सेलेनियम हे एक मूलद्रव्य. शरीराला ते चिमटीत मावणार नाही इतकं थोडं लागतं, पण लागतंच. काही एन्झाइम त्याच्याशिवाय चालत नाहीत, आणि मेंदूच्या पेशींना आतल्या आत गंजण्यापासून सांभाळायचं काम त्या एन्झाइमांचं. आता पाऱ्याला या सेलेनियमची भारी ओढ. शरीरात शिरला की तो त्याला गाठतो आणि असा धरून बसतो की सोडत नाही. लग्नघरात एखादा बोलघेवडा पाहुणा वाढप्याचा हात धरून त्याला गप्पांत अडकवतो ना, तसं. वाढपी मोजकेच असले तर पंगत खोळंबते. भरपूर असले तर एक-दोघं अडकले म्हणून काही अडत नाही. पाऱ्याचं विषारीपण पुष्कळसं या खोळंब्यात आहे.

आणि समुद्रातले बहुतेक मासे पाऱ्याबरोबर हे वाढपीही घेऊन येतात, पाऱ्याहून कितीतरी जास्त. बोंबील, मांदेली, कोलंबी — यांत पारा अगदी नावापुरता आणि सेलेनियम चांगलं. गणित उलटतं ते शार्कसारख्या मोठ्या, शिकारी, म्हाताऱ्या माशांत. आपल्याकडे शार्कला मुशी म्हणतात. मोठी मुशी पोटुशी बाईने टाळावी, हे खरं. सेलेनियम म्हणजे काही मंतरलेला उतारा नाही. त्याच्या गोळ्या गिळून पारा पचवता येत नाही, आणि अती झालं तर ते स्वतःही बाधतं. पण रोजच्या ताटातल्या लहान माशाला भिण्याचं कारण नव्हतं. हे मला माहीत होतं. एम.एस्सी. करताना वाचलेलं होतं आणि भाषणाच्या आठवड्यात कॉलेजच्या लायब्ररीत बसून पुन्हा वाचलं होतं. तेव्हा 'त्या काळी कुठे एवढी माहिती होती' असं कुणी माझ्या वतीने म्हणू नये.

मग का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर भाषण पडलं असतं, म्हणून. खरंच, एवढंच. बायका म्हणाल्या असत्या, 'म्हणजे खायचे ना मासे? मग ठीक आहे,' आणि तिळगूळ वाटायला उठल्या असत्या. त्याऐवजी सगळ्या कशा गप्प बसून राहिल्या होत्या. एकीने तर तोंडावर पदर धरला होता. त्या गप्प बसण्याची चव मला अजून आठवते. खोटं कशाला बोलू, ती फार गोड होती.

तिथेच थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

सोसायटीत काही घरांना माशांच्या वासाचा त्रास होता. पण निम्मी बिल्डिंग खाणारी, त्यामुळे उघड बोलायची चोरी. माझ्या भाषणाने त्यांच्या हाती सोज्वळ कारण आलं. वासाचं नावच नको, 'आरोग्याच्या दृष्टीने'. सेक्रेटरी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या जाणकार बाईने सांगितलंय, आता आम्ही काय बोलणार?" मीटिंगमध्ये ठराव आला, मासे विकणाऱ्यांना गेटच्या आत बंदी. हात वर करा म्हणाले. मी केला. आदल्याच दिवशी हिराबायच्या पाटीतली कोलंबी खाऊन मी तो हात वर केला. कुणी जबरदस्ती केली होती का? मुळीच नाही. मला फक्त, जाणकार बाई म्हटल्यावर, खाली ठेवता आला नाही.

हिराबायने भांडण केलं नाही. गेटच्या बाहेर, कोपऱ्यावर, गुलमोहराखाली बसायला लागली. मला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल, मग मीही दोन शब्द ऐकवीन आणि मोकळी होईन. एक दिवस मी कॉलेजातून येत होते तेव्हा ती पाटी सोडून उठली आणि थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. गेटपाशी सोसायटीतल्या चौघी-पाचजणी होत्या. त्या वळून आमच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आली वेळ.

ती म्हणाली, "मास्तरीनबाय, धंद्याचा नाय इचारत. माजी सुरेखा पोटुशी हाय. आमच्या घरात दुसरा काय असतंय? सकाल-सांज मावराच. मी निवडून निवडून तिच्या ताटात घालते. तुमी शिकलेल्या. मावऱ्यात तो पारा हाय का?"

मी म्हटलं, "आहे."

"मंग तिला देऊ का नको?"

बघा, एक वाक्य पुरलं असतं. 'बोंबील, मांदेली, कोलंबी खुशाल दे, मोठी मुशी तेवढी नको.' श्वास घ्यायला लागतो तेवढ्यात सांगून झालं असतं. सेलेनियम हा शब्दसुद्धा उच्चारायची गरज नव्हती. पण त्या चौघी-पाचजणी ऐकत होत्या. 'म्हणजे मॅडम, तुम्हीच तर म्हणाला होतात...' असं त्यांच्यातली एक जरी म्हणाली असती तर माझी केवढी शोभा झाली असती! तेवढ्या शोभेला मी घाबरले. माझ्यासमोर एक बाई तिच्या सुनेसाठी हात जोडल्यासारखी उभी होती आणि मी तिच्या खांद्यावरून त्या चौघींकडे बघत होते.

मी म्हटलं, "नको. अजिबात नको."

तिने मान हलवली. जाताना म्हणाली, "बरा झाला इचारला."

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं, कारण मी त्या कोपऱ्यावर थांबणं सोडलं होतं. हिराबायने त्याच दिवशी सुनेच्या ताटातले मासे बंद केले. ज्या घरात मासळी हेच वरण आणि मासळी हीच भाजी, त्या घरातल्या पोटुशा मुलीला भात, डाळीचं पाणी, बटाटा आणि चहा-पाव. अंडी तिला सोसत नव्हती, वासानेच उलटी व्हायची. दवाखान्यातली नर्स रक्त कमी आहे म्हणून ओरडायची, गोळ्या द्यायची. गोळ्यांनी पोट बिघडायचं. घरात समोर ताजे बोंबील तळले जात असताना ही मुलगी भात चिवडत बसायची — हे हिराबायनेच कौतुकाने कुणालातरी सांगितलं. सून किती गुणाची, मागतसुद्धा नाही म्हणे.

सुरेखा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगा झाला, मूठभर. दूध ओढायची ताकद नव्हती त्याच्यात, आणि तिला फारसं दूधही येत नव्हतं. आपल्या या किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात, हिराबायने त्यासाठी मुशी सुकवूनही ठेवली होती. तीही तिने दिली नाही. मुशी दिली नाही ते बरंच झालं म्हणा, पण बांगडासुद्धा दिला नाही. सुरेखा कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होती, उठायला गेली की भोवळ यायची. मूल जगलं. उशिरा बसलं, उशिरा चाललं, पण जगलं.

आता तुमच्यातला एखादा हुशार वाचक म्हणेल, हे मासे न खाल्ल्यानेच झालं कशावरून? रक्त तर कितीतरी जणींचं कमी असतं. खरं आहे. मी शास्त्र शिकवलं आहे, पुरावा कशाला म्हणतात ते मला तुमच्याहून चांगलं कळतं. आणि पुरावा नाही. या पळवाटेवर मी वर्षानुवर्षं मजेत चालले आहे, तिचा दगड न् दगड मला पाठ आहे. पण एका अर्धपोटी मुलीच्या ताटातला सगळ्यांत सकस घास मी काढून घेतला, त्याला कुठला पुरावा हवा? तो तर मी माझ्या तोंडाने काढला. पुढे काही झालं नसतं तरी तो काढलाच होता.

मूल थोडं मोठं झाल्यावर हिराबायने मला कोपऱ्यावर गाठलं. मी काढता पाय घेणार होते, तिने हाताला धरलं. म्हणाली, "तुमी सांगितला म्हनून वाचला पोर. नायतर गेलाच असता ना!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन पयल्या म्हयन्यांत मीच भरवला ना गो बाय. माज्या हातांनी. तेच इख लागला त्याला." तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटत होतं, तिच्या नातवाची ही गत तिने प्रेमाने भरवलेल्या मासळीने झाली. जे चांगलं होतं त्याला ती विष समजत होती, आणि ते विष आपण घातलं असं समजून जळत होती.

इथे तरी? इथे तर आजूबाजूला कुणी नव्हतं. चौघी नव्हत्या, सेक्रेटरी नव्हते. मी म्हटलं, "आता जपा त्याला." एवढं म्हटलं आणि पिशवी सावरत निघून आले.

हिराबाय मासे विकत राहिली, पोटासाठी. पण पोटुशी बाई पाटीसमोर आली की तिला विकायची नाही. 'मास्तरीनबायने सांगितलाय' म्हणून परत पाठवायची. आलेलं गिऱ्हाईक! माझी लबाडी अशी एका सच्च्या बाईच्या तोंडून गावभर फिरत होती. किती जणींनी ऐकलं असेल, कोण जाणे.

आता जे सांगायचं ते सांगते. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरते आहे, तुमच्याही लक्षात आलं असेल.

पुढे दोन-तीन वर्षांनी माझी मुलगी, मनीषा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आणि मी तिला मासे घातले. अगदी ठरवून, नेमाने. बोंबील, मांदेली, कोलंबी. हिराबायकडून नाही, तिने दिलेच नसते. सोपाऱ्याच्या बाजारातून, काळ्या पिशवीत, वर कोथिंबीर ठेवून आणायचे. खिडक्या लावून शिजवायचे. मनीषा म्हणाली, "आई, तू तर सगळ्यांना सांगत होतीस..." मी तिला म्हटलं, "ते वेगळं. तू खा." काय वेगळं होतं? हीसुद्धा पोटुशी, तीसुद्धा पोटुशी. पारा तोच, सेलेनियम तेच, समुद्रसुद्धा तोच. वेगळं एवढंच, की ही माझी होती.

एका दुपारी दाराची बेल वाजली. तव्यावर बोंबील होते. मी दार अर्धवट उघडलं, तर हिराबाय. रिकाम्या हाताने कधी कुणाकडे गेली नाही ती. आज मासळी आणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली पिकली केळी, आणली होती, केळीच्या पानात बांधून. वॉचमनला सांगून वर आली होती. म्हणाली, "पोर आली ऐकला. तिला खायाला." आणि बोलता बोलता थांबली. मासळीत जन्म गेलेली बाई, तिला काय तव्यावरचा बोंबील कळणार नाही?

तिचा चेहरा एकदम घाबरला. तिला माझा संशय आला असता ना, तर मी वाचले असते. ती माझ्यासाठी घाबरली. म्हणाली, "बाय, घरात मावरा शिजतोय? पोरीला नाय ना देत? देऊ नका हां, माजा बगितलात ना?"

मी दारात आडवी उभी होते. आत मनीषा ताटावर बसली होती.

मी म्हटलं, "छे, छे. तिला कशी देईन? ह्यांच्यासाठी आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. स्पष्ट दिसलं मला. "मंग बरा," म्हणाली. सुकेळी माझ्या हातात दिली, मनीषाला आशीर्वाद सांगायला सांगितला आणि जिना उतरून गेली. मी दार लावलं आणि मनीषाच्या ताटात आणखी दोन बोंबील वाढले. सुकेळीही खाल्ली आम्ही. मनीषाला फार आवडली.

पहिल्यांदा मी अर्धं खरं बोलले होते. या वेळी पूर्ण खोटं बोलले. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, मला त्या क्षणी लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि तीही घरात पाहुण्यासारखी, येऊन-जाऊन. मी वर्गात शिकवत होते, बक्षीस समारंभांना जात होते, 'मॅडम, एक विचारू?' ऐकत होते. रात्री झोप उडाली वगैरे काही नाही. अशा कबुल्यांत माणसं सांगतात ना, की त्या दिवसापासून घास गोड लागला नाही? मला लागला. माझा नातू चांगला गुबगुबीत झाला. तोही मला फार गोड लागला.

सुरेखाला पुन्हा दिवस गेले तेव्हा हिराबायने पहिल्या दिवसापासून तिला मासळी शिवू दिली नाही. हे तिने मला स्वतः, मोठ्या विश्वासाने सांगितलं. "आता चूक नाय करनार," म्हणाली. या वेळी तिने आधीपासून गाईचं दूध लावलं होतं, कडधान्यं आणली होती, आणि मुलगी बऱ्यापैकी अंगाची झाली. त्याचंही श्रेय मला. मी ते घेतलं.

तुम्ही विचाराल, आतापर्यंत का नाही सांगितलं तिला? धीर झाला नाही, असं मी म्हणणार नाही. त्यात उगाच एक बिचारेपणा येतो. मला तिच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. तिने मला जिथे नेऊन बसवलं होतं तिथून उतरायचं नव्हतं. कुणी म्हणेल, आता सांगून तिला कशाला त्रास? अहो, तिचा त्रास तर सांगितल्याने गेला असता. वाढणार होता तो माझा. तेव्हा तिच्या काळजीचं नाव मला तरी कुणी सांगू नये.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. हिराबायचे गुडघे गेले, ती यायची थांबली. आता कोपऱ्यावर सुरेखा पाटी घेऊन बसते. चांगली खमकी झाली आहे, गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. गेल्या महिन्यात तिच्याकडे मांदेली घेत होते. उगाच आपलं विचारलं, सासू कशी आहे? काय खाते-पिते?

म्हणाली, "आय मावरा खात नाय ना. तुमाला माईत नाय?"

मी म्हटलं, कधीपासून?

"माज्या मोठ्याच्या येलेपासून. तो वाचला तवाच देवीसमोर सोडला तिनी. माज्या हातांनी पोराला इख घातला, मंग मी कशी खाऊ, म्हनते. आमी लय समजावला. ताटात घातला तर ताट सारते. वास आला की उठून ओट्यावर जाऊन बसते गो. वरनभात खाते नुसता." आणि मांदेलीवर बर्फ टाकत हसली, "कोलीनबायच्या घरात वरनभात!"

आपल्याकडे माणसं देवापुढे आवडीचं काहीतरी सोडतात. कुणी एखादं फळ सोडतं, कुणी गोड. हिराबायने जे सोडलं त्यावर तिचा जन्म गेला होता. बोटीवरून मुलगा रोज तेच आणतो, सून तेच विकते, दारात तेच वाळत असतं.

सुरेखा समोर होती. तिचा नवरा, मुलं, सगळे जवळच. सांगायला कुणाची हरकत नव्हती. मी मांदेली घेतली, घरी आले, साफ केली, तांदळाच्या पिठात घोळवून तळली. हे आता घरीच असतात, त्यांना वाढली, मी घेतली. कुरकुरीत झाली होती.

कळंबला जायला बस आहे. मी गेलेले नाही. जाईन, असंही म्हणत नाही. हिराबाय अजून आहे. आज दुपारीसुद्धा घरातल्यांची पानं वाढून झाली की ती उठून ओट्यावर जाऊन बसेल. तिने कुणालाही विष घातलेलं नाही, हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. तिच्या घरची मासळी तिच्या घरचे खातात, गिऱ्हाइकं खातात, मी खाते. ती खात नाही.